वजनाचं ऑपरेशन झालंय, हे आधी सांगा

गुडघेदुखीच्या लेखात वजन कमी करायच्या ऑपरेशनचा मी जाता जाता एका ओळीत उल्लेख केला होता, तेवढ्यावरनं इतकी पत्रं आली की हा महिना त्यांनाच द्यायचं ठरवलं. कोल्हापूर शहरातनं आलीत, कागल, इचलकरंजी, गडहिंग्लजकडनं आलीत. त्यातली पाच घेतलीत. नावं गाळलीत, कारण जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य आहे, घरात फक्त नवऱ्याला माहितीय, किंवा मित्रांना सांगितलेलं नाही, किंवा कृपया नाव छापू नका. पाहुण्यारावळ्यांना सांगायचं का नाही तो तुमचा प्रश्न, त्यात मी पडणार नाही. पण सोनोग्राफी करणारा, रक्त घेणारा, रात्री कॅज्युअल्टीत बसलेला डॉक्टर, यांना पहिल्याच वाक्यात सांगायचं की माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, अमुक वर्षी झालंय आणि अमुक प्रकारचं झालंय. का, ते खाली पत्रांच्या उत्तरात येईलच.

प्रश्न : मॅडम, मी राजारामपुरीत राहते, वय ३८. चौदा महिन्यांपूर्वी माझं वजनासाठीचं बायपास ऑपरेशन झालं, वजन १११ वरनं ७२ वर आलं, शुगरची गोळी बंद झाली, सगळं छान चाललं होतं. पण गेले दोन महिने जेवल्यावर कधी कधी डाव्या बरगडीखाली पिळवटून कळ येते, पाठीत जाते, अर्धा-पाऊण तास राहते आणि आपोआप थांबते. जवळच्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, सोनोग्राफी केली ती नॉर्मल आली. आता सर्जन म्हणतात सीटी स्कॅन करा, शिवाय दुर्बिणीची तपासणी पण करा. एवढं खरंच लागतं का, की उगाच खर्च? आणि सासूबाईंना वाटतं मी डाएट करून बारीक झालेय, त्यांना आता काय सांगू?

उत्तर : ताई, उगाच खर्च नाही. तुमचे सर्जन बरोबर सांगतायत आणि मी म्हणेन याच आठवड्यात करून घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

तुमचं नेमकं काय झालंय ते आधी समजून घ्या, म्हणजे तपासण्या कशासाठी ते कळेल. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिली मावेल एवढीच छोटी पिशवी ठेवतात, म्हणजे चहाचा छोटा अर्धा कप पण नाही, आणि लहान आतडं कापून त्याचं एक टोक वर आणून त्या पिशवीला जोडतात, दुसरं टोक खाली जोडतात. जोडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. ही पद्धत रू नावाच्या स्विस सर्जनची म्हणून तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर रू-एन-वाय असं लिहिलेलं असेल, काढून बघा. आता आतडं पोटात मोकळं पडलेलं नसतं, ते एका पडद्याला लटकलेलं असतं, साडीच्या निऱ्या कशा एका जागी खोचलेल्या असतात आणि खाली पसरतात तसं. आतडं कापून वर नेलं की त्या पडद्यात फटी राहतात. सर्जन त्या टाके घालून बंद करतात, पण पडद्यात चरबी असते आणि तुमचं ३९ किलो वजन उतरलं त्यात ती चरबी पण उतरली, पडदा पातळ झाला, फट परत उघडली असं होऊ शकतं. मग जेवल्यावर आतडं त्या फटीत शिरतं, कळ येते, थोड्या वेळानं आपोआप बाहेर येतं, कळ थांबते. याला इंटर्नल हर्निया म्हणतात. बाहेरनं फुगवटा दिसत नाही, हात लावून कळत नाही, आणि सोनोग्राफीत आतड्यातल्या हवेमुळं तो बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे सुटलो असं धरायचं नाही. सोनोग्राफीनं एक काम मात्र केलं, पित्ताशयात खडे नाहीत हे सांगितलं. वजन भराभर उतरताना खडे होतात म्हणून ती बघावीच लागते.

सीटीचं सांगते. आदल्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन बघतील, कारण शिरेतनं जे औषध सोडतात ते किडनीवाटे बाहेर जातं. कुठल्या इंजेक्शननं कधी अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल, तर ते तिथं सांगा. काही ठिकाणी आधी लिटरभर औषधाचं पाणी प्यायला देतात आणि भरभर प्या म्हणतात, तुम्हाला ते भरभर जमणारच नाही, तिथंच सांगायचं की बायपास झालंय, घोट घोट घेईन, वेळ द्या. औषध शिरेत गेलं की घशात आणि पोटात एकदम ऊब येते, कपड्यात लघवी झाली की काय असं वाटतं, बायका घाबरून उठायला बघतात. झालेली नसते. अर्ध्या मिनिटात जातं, हलू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सीटीच्या फॉर्मवर नुसतं पोटदुखी असं लिहू देऊ नका, "बायपास झाला आहे, इंटर्नल हर्निया आहे का पाहावे" असं डॉक्टरांकडनं लिहून घ्या. हर्नियात पडद्यातल्या रक्तवाहिन्यांना भोवऱ्यासारखा पीळ पडतो, रेडिऑलॉजिस्टला माहिती असेल तर तो तेच शोधतो, माहिती नसेल तर बारीक पीळ नजरेतनं सुटू शकतो. शक्यतो कळ येत असतानाच सीटी झाली तर उत्तम, कारण आतडं बाहेर आल्यावर फोटो साफ येऊ शकतो. आणि एवढं करूनही सीटी नॉर्मल आली पण कळ येतच राहिली, तर सर्जन दुर्बिणीनं पोटात बघू म्हणतील, म्हणजे लॅपरोस्कोपी. त्याला नाही म्हणू नका. या एका आजारात सीटी नॉर्मल असूनही आत हर्निया सापडतो, आणि सापडला तर तिथंच फट शिवून टाकतात.

तोंडातनं घालायची दुर्बीण वेगळी, ती अल्सरसाठी. पिशवी आणि आतडं जिथं जोडलंय त्या सांध्यावर अल्सर होतो. बिडी-सिगरेट, हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू, आणि अंगदुखीच्या गोळ्या ही त्याची ठरलेली कारणं. तुम्ही गुडघ्यासाठी मेडिकलमधनं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेत असाल तर आजपासून बंद, दुखलंच तर पॅरासिटॅमॉल. मिश्री लावत असाल तर तेही सर्जनना सांगा, संकोच नको, त्यातही निकोटिन असतंच. तपासणीला सहा ते आठ तास उपाशी जायचं, घशात बधिर करायचा स्प्रे मारतात, पाच-दहा मिनिटांचं काम. फक्त एवढं लक्षात ठेवा की तुमचं जुनं, बाजूला ठेवलेलं मोठं जठर या दुर्बिणीतनं दिसत नाही, वाटच राहिलेली नाही तिकडं जायला.

आता हे नीट वाचा. कळ तास-दोन तासांत थांबली नाही, नुसत्या कोरड्या ओकाऱ्या यायला लागल्या, पोट फुगलं, तर सकाळची वाट बघायची नाही. सरकारी सीपीआर हॉस्पिटल असो की खासगी, जिथं रात्री सीटी होते आणि सर्जन हजर असतो तिथं थेट जायचं.

माझ्या मावसबहिणीचं सांगते. तिचं बायपास होऊन दोन वर्षं झाली होती. जोतिबाच्या चैत्र यात्रेची रात्र, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हिला अशीच कळ. एका हॉस्पिटलात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं काही ऑपरेशन झालंय का, आणि ही "नाही" म्हणाली. कारण शेजारी दीर उभे होते. पोटावरच्या पाच बारीक खुणा कुणी बघितल्या नाहीत. गॅसचं इंजेक्शन देऊन झोपवून ठेवलं, सकाळी तिनं मला फोन केला तेव्हा सीटी झाली, तोवर आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता तो काढावा लागला. आज ती बरी आहे, पण त्या रात्रीचे सहा तास मला विसरता येत नाहीत, आणि मी त्या डॉक्टरांनाही पूर्ण दोष देऊ शकत नाही, त्यांना कळलंच नाही समोर काय आहे.

म्हणून एक चिठ्ठी करा. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा कागद, त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा फोन, चालू गोळ्या, आणि खाली एक ओळ, "डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, पॅरासिटॅमॉल चालेल, पोटात दुखल्यास इंटर्नल हर्निया तपासावा." ती मोबाईलच्या कव्हरात ठेवा. तोंडानं सांगायला लाज वाटली तर कागद पुढं करा. सासूबाईंना सध्या एवढंच सांगा की पोटात दुखतंय, तपासणी आहे. ते खोटं नाही. पुढचं तुम्हाला वाटेल तेव्हा.

प्रश्न : मॅडम, मी कागल तालुक्यातला. आधी तालमीत होतो, कुस्ती सुटली पण खुराक तेवढाच राहिला, थंडाई, दूध, तूप सगळं. वजन १४६ वर गेलं. स्लीव्हचं ऑपरेशन करून नऊ आठवडे झालं. गेले तीन आठवडे खाल्लेलं टिकत न्हाई, पाणी पण वर येतंय. गावातल्या डॉक्टरांनी तीनदा ग्लुकोजचं सलाईन लावलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. आता चार दिवस झालं पायात मुंग्या येत्यात, चालताना झोक जातोय आणि एकाचे दोन दिसतात. लई अशक्तपणा आलाय म्हणून असेल का? ताकदीची काय टेस्ट असते का? तालमीतली पोरं हसतील म्हणून कुणाला बोललो न्हाई.

उत्तर : हे पत्र ईमेलनं आलं होतं, वाचल्या वाचल्या मी संपादकांना सांगून यांचा फोन लावायला लावला आणि त्याच दुपारी ते ॲडमिट झाले. त्यामुळं हे उत्तर त्यांच्यासाठी नाही, त्यांना विचारूनच छापतेय, दुसऱ्या कुणाला असं होत असेल तर त्यांच्यासाठी.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरतं ते केळ्याएवढं नळकांडं. त्यात उलट्या लागल्या की शरीरातलं बी १ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, झपाट्यानं संपतं. त्याचा साठाच मुळात दोन-तीन आठवड्यांचा. आणि ग्लुकोज जाळायला बी १ लागतं. म्हणजे साठा संपत आलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर उरलंसुरलं बी १ पण त्यात खर्च होतं आणि मेंदूला कमी पडतं. एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात घोळ, ही त्याची खूण, वर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८८१ साली वर्णन केलेला हा आजार. वेळेत इंजेक्शन मिळालं तर डोळे लवकर सुधारतात, उशीर झाला तर चाल आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. हा अशक्तपणा नव्हे. गावच्या डॉक्टरांवर राग धरू नका, पाणी कमी पडलंय म्हणून त्यांनी सलाईन लावलं, त्यांना ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं.

बी १ मोजायची टेस्ट असते, पण तिचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, त्यासाठी थांबायचं नसतं. रक्त घ्यायचं आणि लगेच शिरेतनं बी १ सुरू करायचं, ग्लुकोज त्याच्यानंतर. सोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम, किडनी आणि ईसीजी बघतात, कारण उलट्यांनी क्षार घसरले की हृदयाचे ठोके बिघडतात. मॅग्नेशियम कमी असेल तर बी १ देऊनही पाहिजे तसा फरक पडत नाही, म्हणून तेही भरून काढायचं.

मग प्रश्न येतो उलट्या का होतायत. त्याला औषध पिऊन एक्स-रे काढतात. एक्स-रे मशीनसमोर उभं करतात, हातात कप देतात, एक घोट घ्या म्हणतात, आणि समोरच्या पडद्यावर तो घोट छातीतनं खाली उतरताना दिसतो. चांगल्या स्लीव्हमध्ये तो सरळ खाली जातो. नळकांडं मध्येच आवळलं असेल किंवा पिळलं असेल तर घोट तिथं येऊन थांबतो, वर साचतो, आणि मग पेशंटला तिथंच मळमळायला लागतं. यांच्यात तसंच दिसलं. दुर्बिणीतनं फुगा घालून ती जागा रुंद करतात, एकदा नाही तर दोन-तीनदा करावं लागतं, पण बहुतेकांना त्यानं बरं वाटतं.

पैलवान, तुम्ही वाचत असालच. आखाड्यात खांदा निखळला तर वस्तादांना सांगत होता की नाही? हे तसंच आहे, यात हसण्यासारखं काही नाही.

अजून एक, ज्यांचं ऑपरेशन अगदी ताजं आहे त्यांच्यासाठी. पहिल्या काही आठवड्यांत ताप आला, नाडी १२० च्या वर पळायला लागली, डाव्या खांद्यात दुखायला लागलं, तर टाक्यांच्या रेषेतनं गळती झाली असेल. अशा वेळी फक्त पळणारी नाडी हीच सुरुवातीची एकुलती खूण असू शकते. त्या दिवशी फोनवर सल्ला नको, थेट ऑपरेशन केलेल्या ठिकाणी जायचं.

प्रश्न : मी इचलकरंजीत शिक्षिका आहे, वय ३१. बायपासला अडीच वर्षं झाली, आता दिवस गेलेत, सहावा महिना लागलाय. गायनॅकॉलॉजिस्टनी ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त द्यायला सांगितलंय. मला भीती वाटते, कारण मागच्या थंडीत गुऱ्हाळावर मैत्रिणींबरोबर उसाचा रस प्यायले आणि वीस मिनिटांत दरदरून घाम, धडधड, पोटात मुरडा, तिथंच बाजेवर आडवी झाले. परत दीड-दोन तासांनी हात कापायला लागले आणि एवढी भूक की विचारू नका. तसं परत झालं तर बाळाला काही होईल का? डॉक्टरांना बायपासचं माहिती आहे, पण या टेस्टचं विचारायचं राहिलं.

उत्तर : अगोदर अभिनंदन. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, तुम्ही थांबलात, फार चांगलं केलंत.

गुऱ्हाळावर जे झालं त्याला डंपिंग म्हणतात, आणि तुम्हाला दोन्ही प्रकार एकाच दिवशी झाले. गोड पातळ पदार्थ छोट्या पिशवीत थांबत नाही, सरळ आतड्यात ओतला जातो. आतडं एवढी साखर बघून अंगातलं पाणी आत खेचतं, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात घाम, धडधड, मुरडा. तीच साखर एकदम रक्तात चढते, शरीर घाबरून भरमसाट इन्सुलिन सोडतं, मग एक ते तीन तासांनी साखर खाली कोसळते, तेव्हा हातकाप आणि भूक. ज्या टेस्टबद्दल तुम्ही विचारताय तिच्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देतात आणि दोन तासांनी साखर १४० च्या वर आहे का बघतात. एरवी आपल्याकडं सगळ्या गरोदर बायकांना करतात, चांगली टेस्ट आहे. पण बायपासवालीला ७५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे परत तोच उसाचा रस. शिवाय तुमच्यात साखर आधी चढून दोन तासांपर्यंत खाली आलेली असू शकते, म्हणजे त्रास होऊन वर रिपोर्टवर भरवसा पण नाही.

म्हणून उद्याच गायनॅकना फोन करा आणि विचारा, याच्याऐवजी घरी ग्लुकोमीटरनं आठवडाभर तपासून चालेल का. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या मधे, सकाळी उपाशीपोटी आणि तिन्ही जेवणांनंतर, वहीत लिहून त्यांना दाखवायचं. बायपास झालेल्यांसाठी हाच पर्याय सुचवतात, त्या नाही म्हणायच्या नाहीत. काहीजणींना दंडावर चिकटवायचा सेन्सर देतात, पंधरवडाभर आपोआप साखर नोंदवतो, महाग पडतो पण रात्रीची घसरण पण कळते. वहीत काय खाल्लं ते पण लिहा, भाकरी आणि पांढरा रस्सा खाल्ल्यावरचा आकडा आणि शिरा खाल्ल्यावरचा आकडा शेजारी शेजारी बघितलात की तुमचं तुम्हालाच समजेल काय टाळायचं. गोड खायचंच झालं तर जेवणाच्या शेवटी, चमचाभर, आणि पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासानं.

गरोदरपणात रक्ताच्या तपासण्या दर तीन महिन्यांनी हव्यात. हिमोग्लोबिनच नाही तर फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, बी १२, फोलेट, ड, कॅल्शियम, आणि अ जीवनसत्त्व. अ ची गोळी मात्र मनानं घेऊ नका, गरोदरपणात रेटिनॉल प्रकारचं अ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, बीटा कॅरोटिन प्रकारचं आहे का ते डॉक्टरांना दाखवूनच घ्या. आणि उसाचा रस, गरम काकवी, यंदा नाही.

प्रश्न : स्लीव्हनंतर चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळायला लागले म्हणून मैत्रिणीनं सांगितलेली केसांची गोळी सुरू केली. आता थायरॉइड तपासला तर रिपोर्ट बिघडलेला, गोळी सुरू करा म्हणतात. याआधी कधीच थायरॉइड नव्हता. ऑपरेशनमुळं झालं का? (शाहूपुरी)

उत्तर : गोळीच्या डबीवर बायोटिन लिहिलंय का बघा, दहा हजार मायक्रोग्रॅम असं काहीतरी असेल. बायोटिन रक्तात जास्त असलं की लॅबच्या काही मशीनवर थायरॉइडचे आकडे खोटे येतात, टीएसएच उगाच कमी आणि बाकीचे उगाच जास्त दिसू शकतात, ड जीवनसत्त्व, पीटीएच म्हणजे कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन, आणि हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिन टेस्ट पण चुकू शकते. डॉक्टरांना सांगून गोळी तीन दिवस बंद ठेवा, परत तपासा, मग ठरवा. केसांचं म्हणाल तर वजन भरभर उतरलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात आणि बहुतेकांचे वर्षभरात परत येतात, त्यासाठी प्रथिनं पुरेशी जातायत का बघा, रोज ६० ग्रॅम तरी हवीत, आणि फेरिटिन तपासा. दोन्हीत गडबड असेल तर बायोटिननं काही होणार नाही.

प्रश्न : माझी आई ५६ वर्षांची, गडहिंग्लजजवळ असतो. तिच्या बायपासला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी सगळ्या तपासण्या केल्या, नंतर बंद केलं, गोळ्या पण बंद केल्या, म्हणते मला काही होत नाही, तब्येत ठणठणीत आहे. आता दोन-तीन महिने म्हणते पायाखाली मऊ लागतंय, कापसावर चालल्यासारखं. चप्पल पायातनं निसटली तरी तिला कळत नाही, पुढं चालत जाते, मी मागनं चप्पल उचलून आणतो. जवळच्या लॅबमध्ये फुल बॉडी पॅकेज केलं, हिमोग्लोबिन ९.८ सोडून सगळं बरं आलं. हे वयामुळं आहे का?

उत्तर : दादा, वयामुळं नाही. छप्पन्न म्हणजे काय वय झालं? तुम्ही चपलेचं लिहिलंत ते फार बरं केलंत, तेवढ्या एका गोष्टीवरनं मला कळतंय की पायाच्या नसांपर्यंत गेलंय, पाय कुठं आहे हे मेंदूला कळवणाऱ्या नसा बधिर होतायत. आधी संशय बी १२ चा. बी १२ पचवायला जठरातला रस लागतो, बायपासमध्ये अन्न त्या जठरातनं जातच नाही. आणि फसवणारी गोष्ट अशी की यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं माणूस ठणठणीत असतो आणि त्याला वाटतं गोळ्या उगाच होत्या. आईंचं तेच झालंय, त्यांना रागावू नका.

पॅकेजमध्ये काय होतं तो कागद बघा. अशा पॅकेजमध्ये पुष्कळदा साखर, कोलेस्ट्रॉल, यकृत, किडनी असतं, आपल्याला हवं ते नसतं. यांना बी १२, फोलेट, फेरिटिन, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन, झिंक आणि तांबं म्हणजे कॉपर एवढं बघायचंय. कॉपर मुद्दाम सांगतेय, ते कमी पडलं तरी हुबेहूब असंच चालणं होतं, आणि बी १२ देऊन सुधारलं नाही की मग लोकांना त्याची आठवण येते. झिंकच्या गोळ्या जास्त दिवस घेतल्या तर कॉपर आणखी घसरतं, तेही विचारा त्यांना. नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करू नका, त्यानं हिमोग्लोबिन सुधारतं आणि बी १२ ची कमतरता झाकली जाते, नसा आत झिजतच राहतात. रक्त दिल्यावर डॉक्टर बहुधा बी १२ ची इंजेक्शनं लगेच सुरू करतील, रिपोर्ट येईपर्यंत न थांबता, त्याला हो म्हणा. न्यूरॉलॉजिस्टना एकदा दाखवा, नसांची तपासणी करायची का ते ठरवतील. आणि हाडांचा डेक्सा स्कॅन करून घ्या, पाळी गेलेली बाई, बायपास झालेलं, कॅल्शियम बंद, वर तोल जातोय, पडल्या तर खुबा मोडेल.

हिमोग्लोबिनचं, लोह जिथं शोषलं जातं तो आतड्याचा पहिला भागच बायपास झालाय. गोळीनं वाढलं नाही तर शिरेतनं लोह देतात, घाबरायचं नाही. तोवर लोहाची गोळी चहाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच, दोन्हीत दोन तासांचं अंतर. कॅल्शियम घेताना सायट्रेट प्रकारचं मागा, मेडिकलवाले कार्बोनेट देतात, ते पचायला आम्ल लागतं आणि आईंच्या त्या छोट्या पिशवीत ते फारसं नाही. अल्सर आतनं झिरपत असेल तरी हिमोग्लोबिन उतरतं, शौच काळी होते का ते विचारा, होत असेल तर दुर्बीण पण लागेल.

घरात आजपासून आईंना मागं पट्टा असलेली सँडल घाला, रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा, अंधारात त्यांचा तोल जास्त जाईल. रिपोर्ट आले की मला कळवा, आकडे तर लिहाच, पण महिन्या-दोन महिन्यांनी एकदा साध्या चपलेत त्यांना अंगणात चालवून बघा आणि चप्पल निसटल्यावर त्या स्वतःहून थांबतात का, ते पण लिहा.